आजच्यापुरतं पाणी

डोळे उघडाल तेव्हा 1893 चा पावसाळा असेल, पहाट असेल आणि तुम्ही पुण्यात शारदासदनाच्या ओसरीवर उभे असाल. अजून फटफटलेलं नाही. पन्हळीतून पाणी पडतंय. आतल्या दालनात मुली झोपल्यात. कुणी कूस बदलते, कुणी झोपेत काहीतरी पुटपुटते. यांतल्या बऱ्याच जणी विधवा आहेत. काहींचं वय अजून सागरगोटे खेळायचं आहे. चपला बाहेरच काढा आणि पाय न वाजवता पुढे या.

समोरच्या खोलीत दिवा लागलाय आणि दार सताड उघडं आहे. हे दार नीट पाहून घ्या, कारण याच वर्षी त्याच्यावरून सगळ्या पुण्यात गदारोळ होणार आहे.

आत पांढऱ्या वस्त्रातली एक ठेंगणी बाई जमिनीवर बसली आहे. केस आखूड कापलेले, वय पस्तीस. पुढ्यात पवित्र शास्त्र उघडलेलं. शेजारी बारा वर्षांची मनोरमा, तिची एकुलती एक लेक. पंडिता रमाबाई थोडं वाचतात, थांबतात, मग दोघी डोळे मिटून प्रार्थना करतात. घंटा नाही, वेदी नाही, पाद्री नाही. इतक्यात दालनातून एक मुलगी येते, दारापाशी घुटमळते आणि उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसते. तिला कुणी बोलावलेलं नाही. तिला कुणी उठवतही नाही.

शारदासदन 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. शाळेत धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं होतं. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसं त्या भरवशावर सल्लागार मंडळात बसली होती. आता मुली बाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात हे बाहेर कळलंय. मंडळ राजीनामा देईल, वर्तमानपत्रं तुटून पडतील, पालक मुलींना घेऊन जातील. त्या पालकांची भीती खोटी म्हणता येणार नाही. विधवा लेकीला शिकायला धाडायचं म्हणजेच त्या काळी साऱ्या आळीचे बोल ऐकायचे, आणि त्यातून तिनं धर्म सोडला तर घराला तोंड दाखवायला जागा नाही. पण रमाबाईंची बाजूही तितकीच सरळ होती. वर्गात त्यांनी धर्म शिकवला नव्हता. स्वतःची प्रार्थना मात्र दार लावून करायला त्या तयार नव्हत्या. मला त्यांचं पटतं. जी गोष्ट आपल्याला रोज उभं करते ती घरातल्याच लेकरांपासून चोरून करायची, तर त्या लेकरांनी आपल्याला ओळखायचं कशावरून?

पहाटे उठून शास्त्र वाचणं या बाईला नवीन नाही, हेही लक्षात असू द्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई यांनी तिला लहानपणीच संस्कृत शिकवलं. भागवताचे 18,000 श्लोक तिला मुखोद्गत होते. आई-वडील गावोगाव, तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडले आणि दुष्काळात अन्नावाचून गेले. थोरली बहीणही गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर ती पायी चालत कलकत्त्यापर्यंत पोहोचली आणि तिथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. नंतर भाऊही गेला. लग्न झालं, आसामात सिलचरला संसार मांडला, तिथे घरातल्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत हाती लागली. दोन वर्षांच्या आत नवराही वारला. इंग्लंडात वाँटेज इथे 29 सप्टेंबर 1883 रोजी तिनं आणि मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे संपती, तर ही बाई आज दहा वर्षांनी असल्या पावसात पहाटे उठून बसली नसती. 1891 च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. हे त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. बाप्तिस्मा होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. एवढी विदुषी, ग्रीक-हिब्रूकडे वळण्याची ताकद असलेली, पंडितांच्या सभा गाजवलेली बाई. आणि आठ वर्षांनी म्हणते की माझ्या हाताशी काहीच नव्हतं. हे वाचलं की मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. विश्वासात मुरलेल्या माणसाला अशी कबुली देणं सगळ्यांत जड जातं. त्या दिवसापासून त्यांनी शास्त्र पाठांतरासाठी किंवा वादासाठी उघडलं नाही. दिवस निभावण्यासाठी उघडलं.

बाहेर झुंजूमुंजू झालं. चला, इथून पुढे जाऊ.

आता तुम्ही पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, केडगावला उतरलाय. विसावं शतक नुकतंच उगवलंय. माळ तापलाय, निंबाखेरीज हिरवं काही दिसत नाही. पाऊस यंदा आलाच नाही. इथे रमाबाईंनी शारदासदनाच्या उत्पन्नासाठी शेत घेतलं होतं. मग 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणल्या, पुण्यात प्लेग आला, शहरात एवढ्या मुली ठेवण्याची सोय राहिली नाही, आणि शेतावरच छपरं उभी राहिली. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या. आता शेतावरच्या या मुक्ती सदनात सुमारे 1,900 माणसं आहेत आणि शंभरावर जनावरं.

संध्याकाळी विहिरीपाशी या. काठावर हात टेकून आत वाका. तळ दिसतोय. खरोखरच दिसतोय: दगड, गाळ, गाळात रुतलेला एक फुटका पोहरा. मुली दोर ओढतायत आणि पोहऱ्यातून निम्मा चिखल वर येतोय. दोन विहिरी, दोन्हींची तीच गत. आसपासच्या विहिरी तर कधीच आटल्या. एक बारकी मुलगी रिकामी कळशी कडेवर घेऊन तुमच्याकडे बघते आणि विचारते, “उद्याचं काय?” तुमच्याकडे उत्तर नाही. तिला ते अपेक्षितही नाही. दुष्काळातून आलेल्या लेकरांनी मोठ्या माणसांकडून उत्तरं मागणं सोडून दिलंय.

रात्र काढा इथेच. सतरंजी मिळेल. झोप लागणार नाही, कारण 1,900 माणसांचं उद्याचं पाणी तुमच्या डोळ्यांपुढे नाचत राहील.

पहाटे जात्यांची घरघर सुरू होते. उठा आणि विहिरीवर या. पाणी आहे! काठोकाठ नव्हे, भरपूर नव्हे. आजच्यापुरतं आहे. रांग लागलीय, घागरी भरतायत, बांधकामाला जातंय, जनावरांना जातंय, बागेतल्या कोवळ्या झाडांना जातंय. संध्याकाळी पुन्हा तळ दिसेल. उद्या पहाटे पुन्हा पाणी असेल. तो सगळा दुष्काळ असा निघाला. रमाबाईंनी 1907 मध्ये छापलेल्या आपल्या साक्षीच्या पुस्तिकेत ही हकिगत लिहिली आहे, आणि त्या पुस्तिकेच्या नावातच कधी न संपणाऱ्या ठेव्याचा उल्लेख आहे.

पाझराचं पाणी रात्रीतून साचतं हे पंचक्रोशीतला कुठलाही कुणबी तुम्हाला सांगेल. रमाबाईंनाही ते ठाऊक असणारच. शेतमळा त्यांनी स्वतः राबून उभा केला होता. पण पाझर कुठून फुटतो हे कळलं म्हणून तो कोण देतो हा प्रश्न मिटत नाही. त्यांना त्या पाण्यात देणाऱ्याचा हात दिसला. माझंही म्हणणं तेच आहे, आणि ते मी कुणाला न दुखवता पण पुरत्या मनानं मांडतो.

पाणी भरून झालं की मुली एकत्र बसतात. तुम्हीही मागे, भिंतीशी बसा. आज वाचन निर्गमातलं आहे, सोळावा अध्याय. मिसर सोडून रानात आलेले इस्राएल लोक उपाशी आहेत, आणि पहाटे दव उडून गेल्यावर जमिनीवर त्यांना मान्ना सापडतो. आज्ञा एवढीच, की माणशी दिवसाच्या गरजेपुरता गोळा करा. काहींना भरवसा नाही. ते उद्यासाठी साठवतात आणि सकाळी बघतात तर त्यात किडे. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढी दुपटीची मुभा.

वाचणारी इथवर येते आणि तुमच्या शेजारची मुलगी एकदम खाली मान घालते. तिनं ओच्यात काहीतरी घट्ट धरलंय. हळूच पाहा. भाकरीचा तुकडा आहे, परवाचा, कडेला बुरशी धरलेला. इथे पोटभर मिळतं हे तिला आता कळतं, पण तिच्या हातांना अजून कळलेलं नाही. जिच्यासमोर घरचं एकेक माणूस उपाशी मेलं, ती भाकर लपवणारच. तिला कुणी रागावत नाही. आख्ख्या खोलीत असे ओचे किती असतील याचा अंदाज करा, म्हणजे हा अध्याय इथे कसा ऐकला जात असेल ते उमगेल. तुमच्या-माझ्यासाठी ती जुन्या करारातली एक कथा आहे. या मुलींना त्यातली भूक माहीत आहे, वखवख माहीत आहे, सकाळी उठून तुकडा शाबूत आहे का ते चाचपणंही माहीत आहे. त्यांना नवीन आहे ते एवढंच, की उद्याही मिळेल आणि आज साठवायची गरज नाही. प्रभूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितलीय ती आजचीच. वर्षाची बेगमी मागितलेली नाही.

मुलगी उठते. दाराबाहेर जाते. काय करते ते बघायला जाऊ नका. तो तिचा आणि देवाचा प्रश्न आहे.

आता मी तुम्हाला जिथे नेतोय तिथे गर्दी आहे. जून 1905. मुक्तीच्या मोठ्या मंदिरात पाय ठेवायला जागा नाही, सगळ्या जमिनीवर दाटीवाटीनं बसल्यात. काल रात्री, मध्यरात्र उलटून गेल्यावर, एका दालनात एक मुलगी रडत प्रार्थना करू लागली. शेजारणीला तिच्या अंगावर आग दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार तोच तिच्या लक्षात आलं की कुणी जळत नाहीये. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी हे लिहून ठेवलंय.

आज 30 जून. रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीनं योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगतायत. हा अध्याय कुठल्या बायकांपुढे चाललाय ते आजूबाजूला मान वळवून पाहा. टाकलेल्या, फसवलेल्या, घरानं बाहेर काढलेल्या मुलींसाठी मुक्तीत कृपासदन आहे, आणि तिथल्याही इथे बसल्यात. अध्याय सुरूच होतो तो व्यभिचारात धरून आणलेल्या बाईपासून. माणसं हातात धोंडे घेऊन उभी. येशू खाली वाकून बोटानं जमिनीवर लिहीत राहतो. मग तो असं काही बोलतो की एकेक माणूस काढता पाय घेतो, म्हाताऱ्यांपासून सुरुवात होते. शेवटी ती बाई आणि तो, दोघंच उरतात. तो तिला दोषी ठरवत नाही. जा म्हणतो, आणि पुन्हा पाप करू नको म्हणतो. त्याच अध्यायात पुढे तो स्वतःला जगाचा उजेड म्हणवतो, आणि सत्य माणसाला मोकळं करतं असं सांगतो.

आणि इथे सगळं फुटतं. एक रडू लागते, मग दुसरी, मग ओळीच्या ओळी. शेकडो जणी एकदम मोठ्यानं प्रार्थना करतायत, काही उभ्या राहिल्यात, काही जमिनीवर पालथ्या पडल्यात. आवाज एवढा चढतो की रमाबाईंना बोलणं थांबवावं लागतं. त्या थांबतात. आवर घालत नाहीत. कानांवर हात ठेवावेत असं तुम्हाला वाटलं तर वाटू द्या; बाहेरच्या जगातही पुष्कळांना असंच वाटलं आणि त्यांनी टीका केली. पुढचे काही दिवस नेहमीचे वर्ग बाजूला राहतील. मग मुली आळीपाळीनं गावोगाव शुभवर्तमान सांगायला निघतील. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास लिहिणारे केडगावच्या या दिवसाला वगळू शकत नाहीत.

पण माझ्या मते लोक या गोष्टीचं चुकीचं टोक धरतात. त्यांना आग आठवते. तुम्ही जरा मागे, याच वर्षाच्या जानेवारीत जाऊन या. रमाबाईंनी आत्मिक जागृतीसाठी रोज प्रार्थनेला कोण बसेल असं विचारलं, तेव्हा 70 जणी पुढे आल्या. थंडीत घोंगड्या पांघरून त्या बसल्या. फेब्रुवारीत बसल्या, चैत्राच्या उन्हात बसल्या, विहिरीवरची पाळी सांभाळून बसल्या. बादली घेऊन कुणी धावावं असं काही घडत नव्हतं. जून उजाडला तेव्हा दिवसातून दोनदा 550 जणी बसत होत्या. तो पावसाळा या सहा महिन्यांच्या पोटी आला. आणि रमाबाईंनी त्यानंतर जे केलं ते तर मला त्या दिवसापेक्षाही मोठं वाटतं. दुसऱ्या एखाद्यानं आयुष्यभर तीच आग पुन्हा पुन्हा फुंकली असती. या बाई लेखणी घेऊन बसल्या, आणि मग मरेपर्यंत उठल्या नाहीत.

बघायचंय? 1912 च्या आसपास छापखान्यात चला.

शाईचा आणि घासलेटचा वास. भिंतीला लागून लाकडी केसी, त्यांत शेकडो बारीक घरं, प्रत्येक घरात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. देवनागरीचं काम सोपं नाही. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, सगळ्यांचे खिळे वेगळे, आणि सगळी अक्षरं उलटी. खिळे जुळवणाऱ्या सगळ्या बायकाच. मुक्तीत बायका माग चालवतात, तेल काढतात, गाईगुरं सांभाळतात, अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवतात. छापखानाही त्याच चालवतात. जरा पुढे होऊन त्या उंच, सावळ्या बाईच्या शेजारी उभे राहा. ती नवा करार जुळवतेय, मत्तयाचा सहावा अध्याय, प्रभूच्या प्रार्थनेपर्यंत आलीय. ‘भाकर’ हा शब्द जुळवताना तिचा हात अडखळत नाही. भ, त्याला काना, क, र. अठ्ठावीस-तिशीतली असावी. दुष्काळात आणलेल्या पोरींपैकी ती असेल, तर तेव्हा बारा-तेराची होती, हाडांचा सापळा, आणि ‘भ’ कुठला नि ‘म’ कुठला हेही तिला ठाऊक नव्हतं.

मराठीत पवित्र शास्त्र नव्हतं असं नाही. विल्यम केरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यानं नवा करार 1811 मध्ये काढला होता, मुंबईत 1847 पर्यंत सगळं शास्त्र झालं होतं, आणि पुढेही सुधारणा होत राहिल्या. मग पन्नाशीकडे झुकलेल्या, कानांनी अधू झालेल्या या बाईनं पुन्हा पहिल्यापासून का सुरू करावं? कारण विहिरीवरची ती मुलगी. पंडितांच्या वळणाची भाषा तिच्या डोक्यावरून जायची. रमाबाईंना संस्कृत कुणाहून कमी येत नव्हतं, म्हणूनच त्यातलं काय गाळायचं हे त्यांना कळलं. त्यांनी ग्रीक आणि हिब्रूचा अभ्यास केला, मूळ शब्दांना धरून राहिल्या आणि मराठी मात्र स्वयंपाकघरात बोलतात तशी ठेवायला झटल्या. त्यांचा अनुवाद काही ठिकाणी खडबडीत आहे, मूळ वाक्याला इतका चिकटतो की मराठी अवघडते. हे मान्य करूनही मी त्या कामापुढे हात जोडतो. दोन हजार माणसांचं अन्नपाणी बघून, हिशेब लिहून, पत्रांना उत्तरं देऊन उरलेल्या वेळात एका बाईनं एकटीच्या जिवावर सबंध शास्त्र भाषांतरित केलं. असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

दुपारी मुद्रितं घेऊन एक मुलगी त्यांच्या खोलीत जाते. तुम्हीही मागोमाग या. मेजावर कोश, व्याकरणं, कागदांच्या चळती. बाईंना कमी ऐकू येतं, म्हणून मुलगी शंका कागदावर लिहून पुढे धरते. त्या वाचतात, क्षणभर बाहेर बघतात, एक शब्द खोडतात, दुसरा लिहितात. पुन्हा तो खोडतात. मुलगी उभीच. घाई नाही. मग फर्मा छापून झाला की सगळे खिळे सुटे करून, धुऊन, ज्याच्या त्याच्या घरात परत टाकले जातात, म्हणजे उद्याचं पान जुळवता येतं. काल जुळवलेलं आज कामाचं नाही. अक्षरं तीच, पान नवं. त्या उंच बाईचा सबंध दिवस यातच जातो. एकेका ओळीवर ती इतका वेळ घालवते, की इतक्या सावकाश शास्त्र वाचणारं माणूस कुठल्या मठातही सापडणार नाही. नवा करार 1913 मध्ये बाहेर आला.

शेवटची खेप. मार्च 1922, निंबाला मोहोर आलाय. खोली तीच, मेज तेच. मनोरमा गेल्या वर्षी वारली. सारा कारभार जिच्या हाती सोपवायचा होता ती लेक आईच्या आधी गेली. शोकाच्या दिवशी शास्त्र उघडून काय होतं, असा प्रश्न तुमच्या मनात असेल तर आत जायचं धाडस करा. बाई खंगल्यात. पुढ्यात जुन्या कराराची मुद्रितं आहेत. याच शास्त्रात विलापगीत आहे, जळून गेलेल्या यरुशलेमेवर केलेला आक्रोश, आणि त्याच्या ऐन मध्यावर, तिसऱ्या अध्यायात, राखेत बसलेला माणूस म्हणतो की देवाची दया संपलेली नाही, ती रोज सकाळी नव्यानं येते. हे सुखात बसून कुणी लिहिलेलं नाही. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता लेक इतकी माणसं गमावलेली बाई ज्या हातानं हे पुस्तक तपासून छापायला देते, त्या हाताचा मला भरवसा वाटतो. दिवस फिरल्यावर ती दया कशी लागते हे तिला माहीत होतं.

मुद्रितं पुरी होईपर्यंत आयुष्य दे, असं त्यांनी मागितलं आणि तेवढं मिळालं, असं मुक्तीतली माणसं सांगत आली. 5 एप्रिल 1922 रोजी पहाटे त्या झोपेतच गेल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र छापून आलं ते 1924 मध्ये.

तुम्ही आता तुमच्या घरी आहात. मुक्ती मिशन केडगावात अजून चालू आहे, वाटलं तर खरंच जाऊन या. पण त्याआधी एक करा. आपल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत कौटुंबिक प्रार्थना आता नाताळ, उत्तम शुक्रवार आणि कुणाच्या मयतीपुरती उरलीय. माणसं मोठ्या सभांना जातात, तिथे रडतात, भारावून येतात, आणि आठवड्याभरात कोरडी होतात. मग पुढच्या सभेची वाट बघतात. सभा वाईट नाहीत. पण केडगावच्या मुलींना 30 जून एकदाच मिळाला, आणि त्या जगल्या रोजच्या वाचनावर. तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी एका मराठी बाईनं पंधरा-सोळा वर्षं झिजून आपल्या भाषेत काय आणून ठेवलं ते एकदा वाचून बघायला काय हरकत आहे?

उद्या सकाळी, फोन हातात घेण्याआधी, योहानाचा आठवा अध्याय काढा आणि घरातल्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचा. दहा मिनिटं लागतील. जमलं नाही तर निम्माच वाचा. नववा परवासाठी ठेवा.